क्रमांक चार

यावलच्या शाळेत एक कापडी नकाशा होता.
पॅसिफिकच्या मधोमध उंदराने कुरतडलेलं भोक,
त्यातून भिंतीचा चुना दिसायचा.
मॅगेलन तिथवर आला
की बेंडाळे गुरुजींची पट्टी अडकायची,
आणि आम्हाला वाटायचं
एवढ्यासाठीच तो परत पोचला नाही.

गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता.
एकदा घरून पितळी तांब्यात मिठाचं पाणी आणलं,
प्रत्येकाच्या तळहातावर चार थेंब.
चाखा, म्हणाले. हेच, चारी बाजूंना, महिनोन् महिने.
पाणीच पाणी, आणि तहान.
बाहेर उन्हाळी वारा
केळीच्या पानांच्या चिंध्या करत होता.

ताज्या फळांवाचून खलाशांच्या हिरड्या सडायच्या,
हे ऐकून फेगडेचा युवराज उठला:
मग गलबतावर केळीचे घड का नाही टांगले?
गुरुजी हसले नाहीत.
केळी दिल्लीला जाताजाता पिकते, भो,
आफ्रिकेला वळसा घालेपर्यंत काय उरेल?
आम्ही सगळ्यांनी मिळून
काळ्या पडलेल्या घडांचा वास घेतला.
नाकातून शिरलेला इतिहासाचा दुसरा तास
मला आठवत नाही.

शोध लागला, असं पुस्तक म्हणायचं.
अमेरिकेचा शोध लागला. जलमार्गाचा शोध लागला.
ठेच लागते, उचकी लागते,
पोराला नजर लागते,
तसाच माणसाला शोध लागत असावा,
असं मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं.
खाली बारीक अक्षरात:
मीठमिरच्यांनी उतरत नसणार.

मालिंदीच्या बंदरात वास्को द गामाने एक वाटाड्या सोबत घेतला.
पुस्तकात एवढंच.
पुढच्या वाक्यात कालिकत.
मागच्या बाकावरून डुंगरसिंग बारेला,
वसतिगृहातला, वर्षातून तीनदा बोलणारा,
उभा राहिला.
वाटाड्याचं नाव काय?

गुरुजींनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं,
स्वाध्यायही पाहिला.
मग पुस्तक मिटून म्हणाले,
मले नाही माहीत.
इतक्या मोठ्यांदा, इतक्या सरळ
"नाही माहीत" म्हणणारा मास्तर
आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.
शेजारच्या वर्गात पाढे चालले होते,
तेसुद्धा थांबल्यासारखे वाटले.

सहामाहीला रिकाम्या जागा भरा. क्रमांक चार:
मालिंदीच्या वाटाड्याचे नाव ________.
युवराजने ठोकून दिलं, दामोदर.
मी जागा तशीच सोडली.
डुंगरसिंगने बापाचं नाव लिहिलं, गुमान्या,
जो जंगलखात्याच्या साहेबांना
उभ्या कड्यावरून पलीकडे उतरवायचा
विडीच्या एका बंडलावर.
गुरुजींनी लाल शाईने
बरोबरची खूण केली नाही, फुलीही मारली नाही.
नावाखाली फक्त एक रेघ ओढली,
पट्टीने, सावकाश.

गेल्या मार्चात, नोकरीच्या शेवटच्या वर्षी,
झाडांची मोजणी करायला मी सातपुड्यात गेले.
हातातलं यंत्र आभाळात उपग्रह धुंडाळत होतं,
त्याला एकही दिसेना.
पुढे एक बाई चालत होती, अनवाणी, न बोलता,
फक्त वळण आलं की बोट करायची:
हा अस्वलाचा दरा.
ही सवतींची वाट.
इथे अंजनाखाली मे महिन्यातही पाणी.
मी सगळं लिहून घेतलं,
अक्षांश नाही, रेखांश नाही, नुसतीच नावं,
आणि एवढ्या वर्षांनी जिभेवर
मिठाची चव आली.

खाली उतरल्यावर तिला दीडशे रुपये दिले.
अर्जात रकाना होता: इतर खर्च.
सही केली.

जीप किनगावच्या पुढे आली
आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब.
त्याने आरशातून पाहिलं.
काय राहिलं, मॅडम?
दोन्ही बाजूंना केळी,
पाटाला नुकतंच पाणी सोडलेलं.
क्रमांक चार, मी म्हटलं.
गाडी वळव.