कल

शिंगूच्या डेपोत ट्रॉली परत केली.
कारकुनाने मोजून घेतलं: चाकं चार, कप्पे तीन,
ब्रेक एक, जरासा सैल.
गुडघे कुणी मोजले नाहीत.

एकोणतीस वर्षं या गाडीत चहा विकला मी.
डोंगर इथे समुद्रात पाय सोडून बसलेत,
त्यांच्या पायांतून वाट काढताना रुळांना
सरळ चालणं माहीतच नाही.
म्हणून ही कलणारी गाडी.
वळणावर वेग न सोडता ती अंग आत टाकते,
उतारावरच्या सायकलवाल्या पोरासारखी.
फक्त थोडी उशिरा.
उशिरा कलते, उशिरा सावरते.
वळण केव्हाच मागे पडलेलं असतं
आणि ही अजून त्याच्याच नादात.

उजवीकडे कलली की खिडकीत समुद्र काठोकाठ.
डावीकडे कलली की नुसतं आभाळ
आणि एखादी घार.
कपातला चहा मात्र ढिम्म.
चहाला वाटतं, सगळं सरळ आहे.
कानाच्या आतल्या पाण्यालाही तसंच वाटतं.
डोळे तेवढे ओरडत असतात, अरे, क्षितिज बघा!
या भांडणात पोट बिचारं नाहक मार खातं.
म्हणून प्रत्येक सीटसमोर कागदी पिशवी
आणि माझ्या खालच्या कप्प्यात खारवलेल्या उमेची बरणी,
जिची किंमत कुठल्याच यादीत नव्हती.
एकदा सुमो शिकणारा एक पोरगा, माझ्या तिप्पट,
माझी बाही धरून बसला होता एसुमीपर्यंत.
बोगदे मोजले आम्ही.

नव्या मुलींना सांगायचे,
पाय रोवू नका. रोवणारी पडते.

मग आईच्या कानात काहीतरी सुटलं.
चटईवर पडल्या पडल्या तिच्याभोवती
भिंती फिरायला लागल्या.
डॉक्टर म्हणाले, वय.
भाऊ म्हणाला, "आई, काही हलत नाहीये,
सगळं जागच्या जागी आहे."
दिवसातून दहा वेळा म्हणाला, प्रेमानेच,
आणि दर वेळी ती थोडी अधिक एकटी पडली.

मी शेजारी आडवी झाले. हात धरला.
"कुठल्या बाजूला?"
"डावीकडे. इकुयो, डावीकडे."
"मग हे मिरोझूचं वळण. लांबट आहे, चौदा सेकंद.
आता बोगदा. डोळे मिटलेस तरी चालेल.
आलो बाहेर. आता उजवीकडे जाईल,
समुद्र अंगावर आल्यासारखा वाटेल, घाबरू नको,
तो त्याच्या जागी आहे,
कलतोय आपण.
हे वाबुका. इथे आपण थांबत नाही.
तानामी. इथली मुलं हात करतात, कर तूही."
तिने खरंच दोन बोटं उचलली.

कुशिमोतो आलं तेव्हा तिची मूठ सैल झाली होती.
"चहा दे," म्हणाली.
आणि दिल्यावर, स्वभावच तिचा,
"किती झाले?"

आता नवी गाडी आली आहे.
ती कलत नाही. वळण आलं की निमूट वेग सोडते
आणि काही मिनिटं उशिरा पोचते.
कुणाला मळमळत नाही. पिशव्या काढून टाकल्या.
चहा यंत्रातून मिळतो, गरम,
बरोबर सुटे पैसे टाकले तर.

मी घरी असते.
दिवस कलायला लागला की मोरीपाशी उभ्या उभ्या
माझी डावी टाच आपोआप उचलली जाते.
शेजारची तोकिए विचारते, कंबर धरली का गं?
नाही, म्हणते मी, वळण आहे.

भाऊ येतो तेव्हा आईचा फोटो
दोन्ही हातांनी नीट सरळ करून जातो.
त्याची गाडी फाटकाबाहेर पडली
की मी तो बोटभर कलता करते,
समुद्राच्या बाजूला.