आठ पूर्णांक दोन

या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नदी कुठे दिसत नाही.
यासेन्य रस्त्याखालच्या पाइपातून जाते.
ती उघडी होती तेव्हाचं गेनोवेफा मावशी सांगायची:
गिरणीत ज्या रंगाचं कापड, त्या रंगाची नदी,
सोमवारी तांबडी, गुरुवारी शेवाळी,
आणि रविवारी पाण्याला
स्वतःचा रंग आठवायचा नाही.

मी इथे वूचमध्ये, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर,
साबणाचे रेणू कधी एकत्र येतात ते मोजते.
डोक्याला पाण्याचं वेड,
आणि शेपटीचं पाण्यात राहून पाण्याशीच वैर.
विरळ असतात तोवर निभावतात एकेकटे,
काही जण पृष्ठभागावर, शेपटी हवेत काढून.
मग कुठल्यातरी थेंबाला पाणी भरतं
आणि साठेक जण गोल करून बसतात,
शेपट्या आत, डोकी बाहेर.
पुस्तकात त्याला मायसेल म्हणतात.
आलेखावर वाहकतेची रेघ तिथे किंचित वाकते,
बस, एवढंच दिसतं.
पंचवीस अंशांना, शुद्ध पाण्यात, आठ पूर्णांक दोन मिलिमोल.
बावीस वर्षांत हा आकडा मी
बटाट्या-कोबीच्या यादीमागेही लिहिलाय.

कायेतान नवा आहे. त्याला रेघ नको, रंग हवा.
चिमूटभर पिनासायनॉल टाकतो:
एकेकटे असतील तर जांभळं, घोळका झाला की निळं.
पण त्याचा आकडा दरवेळी कमी येतो.
सहा. कधी त्याहून खाली.
"बाटल्या नीट धुतल्या होत्यास?"
"तीनदा."
मग त्याला ते सांगावं लागलं
जे मला कुणी सांगितलं नव्हतं.
रंगाचा कण धन, साबणाचं डोकं ऋण.
नुसतं बघायला म्हणून पाठवलेला
दोघातिघांचे हात धरतो
आणि बैठक वेळेआधीच भरते.
वर साक्ष देतो,
मी आलो तेव्हा सगळे बसलेलेच होते.

अल्कोहोलची वही वेगळी.
ब्यूटेनॉल सरळ आत शिरतं,
दोन शेपट्यांमध्ये मांडीला मांडी लावून.
इथेनॉलचं तसं नाही. थोडं असेल तर तेही माणसं जमवतं
(माणसं नव्हे, रेणू; वहीत मी खोडलंय).
पण वाढवत गेलं की पाणीच मवाळ होतं,
शेपटीला त्याचा जाच वाटेनासा होतो,
आणि जाच नाही तर कोण कुणाला धरून बसेल?
रेघ वाकतच नाही.
सरळ जाते, कागद संपेपर्यंत.

मार्चमध्ये मावशी गेली.
दफनानंतर तिच्या दोन खोल्यांत आम्ही बारा जण,
आणि कोपरे आठच.
झेनॉन मामा खिडकीशी, पाठ करून.
त्याची मुलगी दाराशी, कोट न काढता.
मी प्रयोगशाळेतून तशीच गेले होते,
हात धुतले तरी नखांत जांभळं उरलेलं.
कुणीतरी म्हणालं, अरे, हे तर गेनोवेफाचे हात.
बघू, बघू, करत
सगळे जवळ आले.

पहिल्या ग्लासाला टेबल भिंतीपासून ओढलं.
दुसऱ्याला मामाने मुलीचा कोट खुंटीला लावला,
आणि ती लावू देत होती.
तिसऱ्याला नदी निघाली, शेवाळी होती की हिरवी, यावरून भांडण,
आयुष्यात इतकं चांगलं भांडण त्या घरात झालं नव्हतं.
सहाव्या-सातव्याला पाहिलं तर
प्रत्येक जण आपापल्या गोष्टीत, कुणाला कुणी नको,
आणि मामा फ्रिजशी बोलत होता, प्रेमाने.
कोणत्या थेंबाला सुटलं, ते मी मोजलं नाही.
मोजण्याचंच काम करते मी.

सोमवारी कायेतान खोडरबर घेऊन बसला होता,
सहाचे आठ करायला.
म्हटलं, राहू दे.
फक्त शेजारी लिही: रंगासह.