शेरा

दरवर्षी मार्चअखेर अनुदानाचा फॉर्म येतो.
सभासद किती, ग्रंथ किती, देवघेव किती.
तळाला एक रकाना, शेरा.
आजवर तो मी कोराच ठेवला.

गंगावेशीपासून आत, तालमीला लागून आमचं वाचनालय.
समोर मिसळीचं दुकान,
त्यामुळं सगळ्या वर्तमानपत्रांना कटाचा वास.
कुलूप काढायच्या आधीच
राधानगरीकडची फौजदारकीची पोरगी पायरीवर,
शेजारी पोतदारकाका, गुजरीत चाळीस वर्षं
भिंग लावून बारीक नक्षी केलेले.
आता विचारतात, मोठ्या अक्षरांचं काही आलं का?

परवा एक बाई मोबाईल पुढं करून म्हणाल्या,
ह्यात सगळं हाय म्हणं,
पण मला पायजे ते न्हाई.
काय पायजे, ते सांगायला त्यांना अर्धा तास लागला.
तो अर्धा तास म्हणजे माझी नोकरी.
इंगवले बाईंनी शिकवलेली:
माणूस पुस्तकाचं नाव विसरतो,
कुठल्या दिवसांत वाचलं ते विसरत नाही.
तिथून धरायचं.

पुराच्या साली पंचगंगा दारात न थांबता आत आली.
तालमीतली पोरं लंगोटावरच धावली,
खांद्यावर कपाटं, माडीवर.
इतिहास वाचला
(हा शब्द आमच्याकडं दोन्ही अर्थानं चालतो),
कादंबऱ्या निम्म्या,
आणि देवघेवीच्या रजिस्टरचा झाला लगदा.

कुणाकडं काय गेलंय, कुणालाच ठाऊक नाही.
तरी दिवाळीपर्यंत पुस्तकं येत राहिली,
पिशवीतून, सायकलच्या कॅरिअरला बांधून,
एक तर लग्नपत्रिकेसोबत.
हरबा चौगल्यानं सात वर्षांचा दंड टेबलावर ठेवला.
म्हटलं, पुरावा नाही रे.
म्हणाला, माझ्याकडं हाय की.

मोजली, तर चार जास्त भरली.
एकावर इचलकरंजीचा शिक्का.
एसटीनं नेऊन दिलं.
तिथल्या ग्रंथपालांनी ते अकरा वर्षांपूर्वी बाद केलेलं;
बाद झालेलं जमा कुठल्या पानावर करायचं,
दोघांनाही सुचेना.
चहा मात्र दोनदा झाला.

यंदा फॉर्म ऑनलाइन आहे.
शेरा कोरा ठेवला की लाल होतो, पुढं जाऊ देत नाही.
पन्नास अक्षरांच्या आत लिहा म्हणतो.
पोरीनं बाहेरून कडी वाजवली. आठ वाजून दोन मिनिटं.
उठता उठता टाइप केलं:
यंदाही उघडं होतं.