गाडीचं तोंड

गुरुवारी साडेतीनला, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
आम्ही दोघं बसतो. खाली लादी फुटते,
तेवढा वेळ बोलणं थांबवावं लागतं.
सुरुवातीला त्रास व्हायचा. आता
त्या आवाजाआड माणूस काय गिळतो, ते बघते.

उल्हास गिरप, समुपदेशक. नऊ वर्षं कोरडा.
त्याआधी खलाशी, त्याआधी
स्वतःच्या वरातीत न सापडलेला नवरा.
हे तोच सांगतो नव्या पेशंटला, पहिल्याच दिवशी,
आणि पेशंट हसतो, आणि बसतो.

वहीत आम्ही नाव लिहीत नाही. एक अक्षर फक्त.
ल. आणि वेंगुर्ल्याच्या अख्ख्या बंदराला ठाऊक
हा ल कोणाचा, बायको माहेरी कधी गेली.
तरी अक्षरच लिहितो. दार ओढून घ्यावं लागतं,
कडी नसली तरी.

"ल. परत प्यायला," उल्हास म्हणाला.
तारखा दिल्या. घरभेट दिली. सगळं जागच्या जागी,
वाळत घातलेल्या जाळ्यासारखं, एक गाठ सुटलेली नाही.
मला वाटलं, हे जाळं पाण्यात गेलेलंच नाही.

"आणि तू?"
"मी सोदूक गेलंय तेका. आरोंद्याच्या पुलापलीकडे.
चाळीस मिनटां भायर उभो होतंय.
आत गेलंय नाय, बाई. देवाशप्पत."

खाली लादी फुटली.

विचारण्यासारखं बरंच होतं माझ्याकडे,
पुस्तकातलं, चांगलं.
विचारलं भलतंच:
"गाडयेचा तोंड खंय होता?"

तो नखानं टेबलाचा सनमायका खरवडत राहिला.
"बाराकडे."
बऱ्याच वेळानं,
"ल. तेवा घराकच होतो. निजललो. माका म्हायत होता."

पेन हातात होतं. मी वहीत लिहिलं: उ.
आणि त्याच्या देखत खोडलं.
तो पेशंट नाही. मी डॉक्टर नाही त्याची.
मग त्या खोलीत आम्ही नेमके कोण होतो
त्याला अहवालात रकाना नाही.

"सोमवारी पण येव काय?"
"ये. तोवर ल.ची फाइल शामलकडे दे."
त्यानं लगेच दिली नाही. धरून बसला,
मासळीच्या ओल्या टोपलीसारखी, अंगापासून जरा लांब.

रात्री मी मिरजेला फोन लावला, माझं ऐकणाऱ्या बाईंना.
सांगितलं सगळं, तारखांसकट.
त्या गप्प होत्या.
मग म्हणाल्या, "खोडलंस ते अजून वाचता येतंय का?"

मी उठून वही आणली.