अनरीझन

चोपड्याच्या कॉलेजात, तिसऱ्या तासाला,
जुन्या इंग्रजी कादंबरीत तो शब्द आला : अनरीझन.
कुणी बॅरिस्टर बायकोच्या रडण्याला म्हणतो तसं.
हल्ली कुणी वापरत नाही, मी म्हटलं,
आणि फळ्यावर लिहिलं : तर्काला सोडून असलेलं.

मागच्या बाकावरची हेमलता कोळी म्हणाली,
सर, उदाहरण?

खिडकीबाहेर केळीचा ट्रक रिव्हर्स घेत होता.
क्लीनर ओरडत होता, येऊ दे, येऊ दे.

माझ्या आधीची तिघं गेली.
म्हणून आईनं मला सुपात घातलं,
उकिरड्यावर नेऊन ठेवलं,
आणि दाईकडून सव्वा रुपयाला
परत विकत घेतलं.
मरण चोखंदळ असतं,
टाकलेला माल उचलत नाही,
असं तिचं गणित.

चौपन्न वर्षं झाली.
पगारपत्रकावर, पीएचडीच्या कागदावर तेच नाव :
सुपडू दगा बडगुजर.
आई अजून फोनवर हळूच विचारते,
बरा शे ना?
मोठ्यानं विचारलं तर
कुणीतरी ऐकेल.

हेमलता थांबली होती, पेन उघडं धरून.
मी म्हटलं,
पान एकशे बारा, खालचा परिच्छेद.