खालचा खण

खिडकी माझी. बिबवेवाडीतली शाळा,
जिन्याखालचं ऑफिस, जाळी कापून केलेली
हात जाईल एवढी चौकट.
सत्तावीस वर्षं तिच्यातून
नावं आत घेतली, बाहेर दिली.

रेवण आला ऑगस्टमध्ये, सहावीत,
चार शाळांचे चार दाखले घेऊन.
शाळा सोडण्याचे कारण: स्थलांतर. स्थलांतर. स्थलांतर.
चौथ्यावर नुसती रेघ.
सोबत हेमलता ओव्हाळ,
मार्केट यार्डात फुलांच्या गाळ्यावर हिशेब लिहितात,
नखांत झेंडूचा पिवळा.
समितीचा आदेश त्यांनी
घडी न घालता आणलेला, लग्नपत्रिकेसारखा.

मी रकाने भरत गेलो
आणि सवयीनं, मागं रांग असताना,
मोठ्यानं विचारलं,
मुलाशी नातं काय?
बाई शब्द शोधू लागल्या.
पोरगाच म्हणाला,
"तात्पुरतं."

माझं पेन थांबलं, असं लिहिलं तर खोटं होईल.
मी तेच लिहिलं रकान्यात.
पु ऱ्हस्व काढला,
याचं बरंही वाटलं.

संध्याकाळी दिघेबाईंनी रजिस्टर पाहिलं.
मुख्याध्यापिका ओरडतात तेव्हा मी ऐकत नाही;
त्या दिवशी ओरडल्या नाहीत.
लाल शाईनं शब्द खोडला, वर लिहिलं: प्रतिपालक.
खाली सही.
सकाळी ऑफिसात एक खुर्ची जास्त होती.
"नातं विचारायचं तर बसवून, दार लावून.
आणि आधी स्वतःला विचारा,
विचारायलाच हवं का."

सहावी ब-च्या इनामदारबाईंनी त्या वर्षी
'माझे कुटुंब' हा निबंध दिला नाही.
फळ्यावर लिहिलं: मला ओळखणारी माणसं.
रेवणची यादी:
अप्परच्या बसचा कंडक्टर,
गंगाधाम चौकातली दोन कुत्री,
खिडकीवाले सर,
हेमलताकाकू, सध्या.
बाईंनी दहापैकी आठ दिले.
'सध्या'खाली रेघ मारली नाही.

तारीख पडली ती नेमकी गणिताच्या पेपराला.
मस्टरवर गैरहजर लागलं नाही.
शनिवारी रिकाम्या वर्गात
एक पोरगा पेपर सोडवतोय
आणि इनामदारबाई शेवटच्या बाकावर
वाटाणे सोलतायत, घरचे,
आवाज होऊ नये म्हणून ओढणीत.

दप्तराची तक्रार पीटीच्या सरांची.
कबड्डीतसुद्धा पाठीवरून उतरवत नाही म्हणे.
मी काही तपासलं नाही.
एका दुपारी त्यानंच चेन उघडली.
पुस्तकांखाली टॉवेल, एक शर्ट,
कागदात साबणाची चीप,
चपला, तळव्याला तळवा लावून,
सगळ्या दाखल्यांच्या झेरॉक्स.
"कधी निघायला लागलं तर," म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, पाऊस आला तर.

दाखल्यांच्या कपाटाचा खालचा खण मी रिकामा केला.
कार्बन पेपर, मेलेली झुरळं,
एकोणीसशे नव्याण्णवची पावती पुस्तकं.
किल्ली दिली.
"दुसरी कुणाकडं?"
"दुसरी नाहीच."
ते खोटं होतं. घरी जाताना
आंबील ओढ्याच्या पुलावर थांबून
मी ते खरं केलं.

शर्ट आधी आला खणात.
चपला दिवाळीनंतर.
साबण आलाच नाही, वापरला असेल.

मार्च. गुरुवार. शाळा सुटलेली.
राहिलेल्या वस्तू रोज माझ्या टेबलावर येतात:
स्वेटर, कंपास, एकदा तर कुणाचा तरी दात.
रेवणचं सात महिन्यांत
खोडरबरसुद्धा राहिलं नव्हतं.
ज्याला कधीही निघावं लागतं
तो काही विसरत नाही.

त्या दिवशी स्टीलचा डबा आला,
झाकणावर खिळ्यानं टोचलेलं: रे. ओव्हाळ नाही, नुसतं रे.
मी फोन लावला.
मागं टेम्पोचा हॉर्न, कुणीतरी शेवंतीचा भाव ओरडतंय.
म्हटलं, डबा राहिलाय इथं.
"असू द्या की," बाई म्हणाल्या,
"उद्या नेईल."

आत अर्धी पोळी, कारल्याची भाजी लपवलेली.
धुतला. पालथा घातला.
मग हरवले-सापडलेची वही काढून बसलो
आणि लिहिता येईना.
हरवलं तर काहीच नव्हतं.