निशाणी

फोर्टातल्या दप्तरखान्यात तिसऱ्या चिठ्ठीला
करंगुटकर आणतात गोदीचा हजेरीपट.
‘हळू. वाळवीनं आधी वाचलाय.’

मोडीत ओळीनं नावं, आणे, खाडे.
मग नुसतंच ‘चिना सुतार’,
पुढे आठ फटकारे,
शेजारी कारकुनाचा शेरा:
निशाणी पटाशीची.

मी चष्मा पुसते.
पटाशी कुठली?
दोन झाडं, खांद्याला खांदा लावून.
लिन. म्हणजे रान.

नाव लिहिलं होतं बाप्यानं,
वळणदार, शाई न सांडता,
आणि दीडशे वर्षं
अंगठेबहाद्दरांत बसला.

दंड दोन आणे, उशिरा आल्याबद्दल.

पाच वाजतात.
इथे शाईला बंदी;
पेन्सिलीनं वहीत गिरवते
एक झाड,
मग दुसरं. करंगुटकर
किल्ल्या वाजवत उभे.